लिमयेकाकूंच्या कॉफीत मासा!

शेवटी बातमी फुटलीच. माहीमच्या आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या लिमयेकाकू, हो त्याच, ज्यांनी लिफ्टमधून ओली मासळी न्यायला बंदी घाला म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव आणला होता, त्या गेले कित्येक महिने रोज सकाळी कॉफीत दोन चमचे मासा ढवळून पीत आहेत.

तोंडातली सुपारी पडली ना खाली? आमचीही पडली.

मासा म्हणजे काही डोक्या-शेपटीसकट नव्हे. नुसती कातडी, खवलं, काटे. पापलेट खाऊन झाल्यावर आपण जे ताटाच्या कडेला सारतो आणि मांजर ज्याच्यासाठी टपून बसलेलं असतं, ते. त्यात कोलाजेन नावाचं प्रथिन असतं. तापवलं की त्याचं जिलेटिन होतं. जिलेटिनवर प्रथिनं तोडणारी एन्झाइमं सोडली की त्या लांबलचक साखळ्यांचे बारीक तुकडे पडतात, त्यांना पेप्टाइड म्हणायचं. मग ते सुकवून पांढरीशुभ्र पावडर करायची. वास जवळजवळ नाही, चव नाही, घशात काटा अडकायची भीती नाही. डबा गुलाबी, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘मरीन कोलाजेन पेप्टाइड्स’, आणि त्याच बाजूला खाली कोपऱ्यात एक तपकिरी चौकट, चौकटीत तपकिरी त्रिकोण.

आता हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, हे काय काकूंना सांगायला हवं? नातवाच्या वाढदिवसाला आणलेल्या केकच्या खोक्यावर त्या दोन चष्मे बदलून ठिपका शोधतात. पण या डब्यावरचा त्रिकोण त्यांना म्हणे कंपनीचं बोधचिन्ह वाटला. बरं, ‘मरीन’ वाचून काय वाटलं? तर, ‘मला वाटलं मरीन ड्राइव्हसारखं काहीतरी असेल. हवेशीर.’

बातमी फोडली कामतमावशींनी. मावशी सारस्वत. कुणाच्या घरी आज बांगडा आहे आणि कुणाच्या घरी तारली, हे जिन्यातूनच सांगणारं त्यांचं नाक. संक्रांतीचं वाण घेऊन त्या काकूंकडे गेल्या, ओट्यावर डबा दिसला, कपाळावरचा चष्मा नाकावर आला, आणि मावशी सावकाश म्हणाल्या, ‘अगो लिमये, हे तर आमचंच गो!’ संध्याकाळपर्यंत बी विंगलाही कळलं होतं.

या प्रकरणात नुसत्या काकूंना नावं ठेवून भागायचं नाही. मासे-मटण खाणाऱ्यांना फ्लॅट विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही, असे अलिखित नियम पाळणाऱ्या इमारती या मुंबईत किती आहेत हे घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा. त्याच इमारतींच्या सिक्युरिटी केबिनमध्ये आज पार्सलांचे जे ढीग लागतात, त्यातले किती डबे गुलाबी असतात, एवढं एकदा वॉचमनला विचारून बघा. बोंबील उंबऱ्याबाहेर, बोंबलाच्या भाऊबंदांची कातडी मात्र कुरिअरनं थेट स्वयंपाकघरात. सोवळं मोडलं म्हणावं तरी पंचाईत, कारण वास आलेला नाही. आणि आमच्याकडे सोवळं मोडतं ते वासानं, पदार्थानं नाही.

पण काकू या फंदात पडल्या कशा? सुरकुत्यांसाठी म्हणाल, तर ते गेल्या मोसमातलं. त्वचा तुकतुकीत, केस दाट, गुडघे मऊ, ही गाणी जुनी झाली. यंदाचं गाणं आहे ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’. बाणेरच्या सुनेनं एक रील पाठवलं. त्यात एक सडपातळ बाई पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती, की समुद्रातली पेप्टाइड्स तुमच्या पेशींना पुन्हा इन्सुलिनचं ऐकायला लावतात. काकूंच्या घरात त्यांचं कुणीच ऐकत नाही. पेशी तरी ऐकतील, एवढाच विचार त्यांनी केला असणार.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा रोग आधीच पसरलेला आहे. इन्सुलिन रेझिस्टन्स नव्हे, त्याच्याबद्दल बोलायचा रोग. पूर्वी बायका एकमेकींना ‘हिमोग्लोबिन किती?’ विचारायच्या, मग थायरॉइडची लाट आली, मग डी जीवनसत्त्वाची. आता पहिला प्रश्न ‘होमा किती आला?’ उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. हा आकडा अडीचच्या पुढे गेला की भुवया वर. ऑक्सफर्डमधल्या ज्या मंडळींनी १९८५ मध्ये हे गणित मांडलं, त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल, की चाळीस वर्षांनी माहीमच्या बायका चालता चालता तोंडी भागाकार करतील. आणि ज्यांचा आकडा सर्वांत मोठा, त्यांच्या आवाजात एक छुपा अभिमान असतो. ‘माझा तर पाच पूर्णांक दोन बाई!’

थट्टा बाजूला ठेवू. मामला खराच आहे. आपण भात खातो, रक्तात साखर चढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि स्नायू, यकृत, चरबी यांच्या पेशी त्या साखरेचा बंदोबस्त करतात. काही जणांच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी ओततं, आणखी ओततं. वर्षानुवर्षं रिपोर्टात साखर शहाण्यासारखी दिसते आणि आत हा तमाशा चालू असतो. एक दिवस स्वादुपिंड थकतं, आणि मग मधुमेहाचं निदान होऊन सगळे म्हणतात, ‘अचानक कसं झालं!’

आणि आपण मराठी माणसं यात मुळीच मागे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! बाहेरून काडी आणि आतून लोणी, असा हा भारतीय देह. स्वतःच्या पोटाची अशी जाहीर झाडाझडती घेणारा माणूस मला तरी थोर वाटतो. आमच्या इमारतीत कुणी वजनाच्या काट्यावर चपला घालूनसुद्धा उभं राहत नाही.

तर भीती खरी, आणि खऱ्या भीतीवर धंदा उत्तम चालतो. फक्त हा धंदा करताना जीभ सांभाळावी लागते. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे, आणि अमुक रोग बरा करतो अशी जाहिरात ज्या रोगांबाबत करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. म्हणून डब्यावर ‘मधुमेह’ हा शब्द औषधालाही सापडणार नाही. तिथे असतं ‘मेटाबॉलिक बॅलन्स’, ‘ग्लुकोज सपोर्ट’, ‘आतून तेज’. रोगाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं त्याच्या घराकडे बोट दाखवायचं. लग्न जमवणाऱ्या बायका जशा ‘मुलाचा स्वभाव जरा मोकळा आहे’ एवढंच म्हणतात आणि पुढचं आपण समजून घ्यायचं असतं, तशातला प्रकार.

आता कामतमावशींनी माझ्यावर पक्षपाताचा आरोप करायच्या आत सांगून टाकते, की पावडरवाल्यांनी सगळंच हवेतून काढलेलं नाही. कॅनडात क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात एलेन जाक आणि आंद्रे मारेत या मंडळींचं काम आहे. त्यांनी उंदरांना भरपूर चरबी खाऊ घातली, आणि त्यातल्या काहींना प्रथिन म्हणून कॉड मासा दिला. कॉड खाणाऱ्या उंदरांच्या स्नायूंनी इन्सुलिनशी असहकार पुकारला नाही. हे २००१ चं. मग २००७ मध्ये माणसांवर प्रयोग. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या लोकांना चार आठवडे कॉडचं जेवण आणि चार आठवडे मांस, अंडी, दूध असं जेवण. कॉडच्या आठवड्यांत इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडलं. छान! माणसं किती? एकोणीस. आमच्या इमारतीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त असतात, प्रसाद केळ्याचा असला तरी.

आणि नीट ऐका, त्या एकोणीस जणांनी डबा उघडला नव्हता. त्यांनी मासा खाल्ला होता. ताटात, शिजवून, चावून.

खुद्द कोलाजेनच्या पावडरीवरही अभ्यास आहेत. २०१० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी शंभर मधुमेही घेतले, निम्म्यांना समुद्री कोलाजेनची पेप्टाइड्स तीन महिने दिली, आणि साखर, इन्सुलिन, चरबीचे आकडे पावडरीच्या बाजूनं सुधारले. याच्यावर डोळे मिटायचं कारण नाही. पण एवढ्याशा आधारावर गुलाबी डब्यांचा डोंगर उभा राहिलेला पाहून कुणाला हसू आलं, तर त्यालाही दोष देऊ नये.

पावडरीच्या भक्तांकडे एक पक्कं शास्त्रीय अस्त्र आहे, आणि ते आमच्या कट्ट्यावर रोज सुटतं. त्याचं नाव डीपीपी-४. झालंय असं, की जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक निघतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोट सावकाश रिकामं करतं, मेंदूला ‘पुरे’ म्हणतं. फार गुणी. पण डीपीपी-४ हे एन्झाइम त्याच्या मागे हात धुऊन लागलेलं असतं. दोनेक मिनिटांत निम्मं संप्रेरक गारद. मधुमेहावरच्या ‘ग्लिप्टिन’ गोळ्या याच एन्झाइमला थोपवतात. त्यातली पहिली, सिटाग्लिप्टिन, अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाली आणि आज आपल्याकडे निम्म्या काकांच्या खिशात कुठली ना कुठली ग्लिप्टिन असते. आता गंमत बघा. कोलाजेनमध्ये ग्लायसिन आणि प्रोलिन ही अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, आणि प्रोलिन असलेल्या तुकड्यांवर डीपीपी-४ चा फार जीव. असा तुकडा समोर आला की ते त्यालाच चिकटून बसतं आणि जीएलपी-१ मोकळं सुटतं. सॅमनच्या कातडीच्या जिलेटिनमधून असे तुकडे शोधून काढलेले आहेत. खोटं नाही ते.

फक्त हे सगळं काचेच्या नळीत घडलं. काचेच्या नळीला जठर नसतं.

लिमयेकाकूंना आहे. आणि जठर, त्यामागून आतडं, यांचा जन्मच मुळी प्रथिनांच्या साखळ्या तोडण्यासाठी झालेला आहे. आलेलं पेप्टाइड समुद्रातलं की शेतातलं, दीड हजारांचं की दहा रुपयांचं, ते विचारत नाहीत. बरेचसे तुकडे सुट्या अमिनो आम्लांपर्यंत फोडले जातात, आणि मग शेंगदाण्याचं प्रोलिन आणि माशाचं प्रोलिन यांत ओळखू येईल असं काही उरत नाही. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे सलामत रक्तात पोचतात, हेही खरं. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ते मोजून दाखवलेत. पण रक्तात पोचणं वेगळं आणि तिथे जाऊन पेशींना वठणीवर आणणं वेगळं. माझा भाचा मंत्रालयात रोज पोचतो. काम करतो का, ते त्याच्या साहेबांना विचारा.

पेप्टाइड तोंडानं घेऊन कामी आणणं किती जिकिरीचं असतं त्याचा एक दाखला देते. सेमाग्लुटाइड, म्हणजे त्या गाजलेल्या वजनाच्या इंजेक्शनमधलं औषध, तेही पेप्टाइडच. त्याची गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत आली. तिच्यात औषधाला जठरात सांभाळून नेणारं एक वेगळं रसायन घालावं लागलं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पाणी १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, मग अर्धा तास तोंडात काही नाही. एवढे सोपस्कार करून त्यातलं एक टक्कासुद्धा औषध रक्तात जात नाही! जगातल्या बड्या औषधकंपनीची ही गत. आणि आमच्या काकू पेप्टाइड घेतात ते दुधाच्या कॉफीत. दोन चमचे साखर घालून. सोबत खारी.

अहो, इन्सुलिन रेझिस्टन्सच्या पावडरीत साखर! मी विचारलं तर म्हणाल्या, ‘साखरेशिवाय कॉफी जात नाही गं मला.’

आणखी एक चहाडी. कोलाजेन हे प्रथिनांमधलं जरा पोकळ घराणं आहे. शरीराला बाहेरून मिळालीच पाहिजेत अशी जी अमिनो आम्लं असतात, त्यांतलं ट्रिप्टोफॅन कोलाजेनमध्ये नावालाही नाही. प्रथिनांची प्रत ठरवायची जी पद्धत आहे तिच्यात एकच आवश्यक आम्ल गैरहजर असलं तरी गुण शून्य. अंड्याला पैकीच्या पैकी, मुगाला बऱ्यापैकी, आणि दीड हजारांच्या डब्याला भोपळा.

खरा संताप मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. समुद्रानं मधुमेहासाठी जे खरोखर केलंय, ते या डब्याच्या गलक्यात कुणाला ऐकूच येत नाही. आणि ते प्रकरण किती रंगेल आहे म्हणून सांगू!

१९२२ चा उन्हाळा. टोरँटोत इन्सुलिन नुकतं सापडलेलं, आणि ते नेमकं सापडलं कुणाला यावरून बँटिंग आणि मॅक्लाउड यांच्यात विस्तव जात नव्हता. पुढच्या वर्षी दोघांना मिळून नोबेल मिळालं, तर बँटिंगनं आपल्या वाट्यातला अर्धा पैसा सहकारी बेस्ट याला जाहीर केला, मग मॅक्लाउडनं आपला अर्धा सहकारी कॉलिप याला. भाऊबंदकी काय ती आपल्याकडेच असते असं समजू नका. तर हे मॅक्लाउडसाहेब १९२२ च्या उन्हाळ्यात उठून न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सागरी केंद्रावर गेले आणि मासे चिरत बसले. का? आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशींची बेटं इतर पेशींमध्ये विखुरलेली असतात. काही माशांमध्ये मात्र त्या पेशींची निराळी गाठ असते. त्या गाठीचा अर्क रक्तातली साखर उतरवतो, उरलेल्या स्वादुपिंडाचा उतरवत नाही, हे त्यांनी दाखवलं. इन्सुलिन नेमकं कुठे तयार होतं याची साक्ष माशानं दिली.

त्यातला एक साक्षीदार होता अँगलरफिश. डोक्यावर गळासारखा तुरा घेऊन तळाशी आ वासून बसणारा, रूप असं की बघून पोरांनी रडावं. साठ वर्षांनी हा पुन्हा कामी आला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेनं १९८२ मध्ये याच्याच त्या गाठीतून ग्लुकागॉन या संप्रेरकाचं मूळ जनुकीय लिखाण वाचलं. तिथे ग्लुकागॉनच्या शेजारी आणखी एक पेप्टाइड दडून बसलेलं. ग्लुकागॉनसारखं, पण ग्लुकागॉन नव्हे. माणसातलं त्याचं भावंड म्हणजे वर सांगितलेलं जीएलपी-१. स्वेतलाना मोजसोव यांनी त्याचा नेमका कामाचा तुकडा कोणता ते हुडकलं, डेन्मार्कच्या लोटे ब्येरे क्नुडसेन यांनी त्याचं टिकाऊ औषध होईल असं काम केलं, आणि २०२४ मध्ये या तिघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. आज जग ज्या इंजेक्शनांसाठी वेडं झालंय, त्यांच्या कुळवृत्तांतात हा कुरूप मासा बसलेला आहे. नट्यांच्या उतरलेल्या चरबीचं श्रेय त्याला कुणी देत नाही. त्याची रीलही नाही. चेहराच तसा.

तिसरी गोष्ट तर सरळ गुन्हेगारी सदरात छापावी अशी. कोनस जिऑग्राफस नावाची समुद्री गोगलगाय आहे. शंख असा देखणा की दिवाणखान्यात मांडावा. ही बया माशांवर इन्सुलिनचा विषप्रयोग करते! २०१५ मध्ये युटा विद्यापीठातल्या हेलेना सफावी-हेमामी, बाल्डोमेरो ओलिवेरा आणि मंडळींनी हे उघडकीला आणलं. गोगलगायीचं स्वतःचं इन्सुलिन वेगळं, आणि विषात मिसळायचं वेगळं, माशाच्या इन्सुलिनसारखं. ते पाण्यात सुटलं की माशांची साखर धाडकन उतरते, मासे झिंगल्यासारखे जागीच थबकतात, आणि ही आपलं तोंड झोळीसारखं पसरून त्यांना सावकाश आत घेते. शिवाय हे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा आखूड आणि झटकन लागू पडणारं, म्हणून शास्त्रज्ञ त्यावरून नव्या औषधाची आखणी करताहेत. हिच्याच एका बहिणीच्या विषातून निघालेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आहे. मणक्यातल्या द्रवात पंपानं सोडावं लागतं ते. कॉफीत नाही.

बघा हं, समुद्रातल्या पेप्टाइडांनी जिथे जिथे खरं नाव काढलं, तिथे सुई आहे, पंप आहे, तीस-पस्तीस वर्षांची उस्तवार आहे. गुलाबी डब्यातली पावडर त्यांची लांबची नातेवाईक. आडनाव सारखं, म्हणून लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसते.

मी हे सगळं सिटीलाइटच्या बाजारात हिराबाई कोळणीला सांगितलं. तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे. ‘खवल्यांची पावडर? ताई, काय भावानं घेतात खवलं?’ मी डब्याची किंमत सांगितली. तिनं कोयता खाली ठेवला. पायाशी सांडलेल्या ढिगाकडे बघितलं आणि एवढी वर्षं पालिकेच्या गाडीत किती लाख रुपये गेले याचा हिशेब तिच्या डोळ्यांत मला दिसला. तसं कोळ्यांना या मालाची किंमत अगदीच ठाऊक नाही असं नाही. घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी म्हणजे बहुतेक कोलाजेनच, ती सुकवून पूर्वेकडच्या देशांत जाते. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात १५७ घोळ लागले आणि सव्वा कोटीच्या वर लिलाव गेला. त्या पिशवीच्या गुणांबद्दल तिकडे ज्या कहाण्या सांगतात त्या ऐकल्यावर आपल्या सुनेचं रील संयमी वाटतं.

मग हिराबाई म्हणाली, ‘पावडर कशाला? बांगडा खा ना!’ आणि सोबत आलेल्या कामतमावशी भर बाजारात जिंकल्यासारख्या हसल्या. इथे मला नाइलाजानं मावशींच्या रंगाचा बेरंग करावा लागला. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये छापून आले. देशात १० कोटींवर मधुमेही. आणि राज्यांत सर्वांत वरचा नंबर कुणाचा? गोव्याचा! २६.४ टक्के. पाठोपाठ पुदुच्चेरी आणि केरळ. तिन्ही समुद्रकाठची, तिन्ही मासे खाणारी. म्हणजे माशांनी मधुमेह होतो असं मुळीच नव्हे. तिथली माणसं अधिक शहरी, अधिक खाऊनपिऊन सुखी, वयानंही थोरली. पण मासळीच्या शेजारी भाताचा डोंगर आणि जेवणानंतर पलंग असेल, तर बिचारा बांगडा एकटा किती पुरा पडणार? मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा होमा त्यांनी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र मी गंमत म्हणून बोलणार नाही. काकूंनी लिमयेकाकांची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चार दिवस बंद करून त्यांना पावडर पाजून पाहिली होती. ‘नैसर्गिक आहे ना’ म्हणून. काकांची साखर चढली, डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून जे सुनावलं ते काकूंनी आम्हाला सांगितलं नाही, काकांनी सांगितलं. डबा स्वतःच्या हौसेनं प्यावा. दुसऱ्याच्या गोळीला हात लावू नये.

तर प्रकरण आता कुठवर आलं? श्रावण तोंडावर आहे. कामतमावशींचे मासे बंद होतील. त्या पक्क्या, महिनाभर काटासुद्धा घरात यायचा नाही. त्यांनी काकूंना सगळ्यांसमक्ष विचारलं, ‘आम्ही मासे खाणारे श्रावण पाळतो. तुम्ही शाकाहारी लोक काय करणार?’ जिन्यात शांतता. काकूंनी पदर सावरला, आणि ठेवणीतलं उत्तर काढलं: ‘औषध म्हणून घेतलं तर दोष लागत नाही. शास्त्रात आहे.’

मावशींनी हात पुढे केला. ‘डबा आणा.’ डबा आला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. अशा पूरक आहाराच्या डब्यांवर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं एक ओळ छापावीच लागते. मावशींनी ती बोट ठेवून इंग्रजीत वाचली आणि मग सगळ्यांच्या सोयीसाठी मराठीत सांगितली: ‘औषधी वापरासाठी नाही.’

औषध म्हणावं तर डबाच नाही म्हणतो, अन्न म्हणावं तर श्रावण आडवा. काकू दोन मिनिटं गप्प होत्या. मग त्यांनी हळूच चौकशी केली, की कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं समुद्री शेवाळापासून मधुमेहासाठी काहीतरी कॅप्सूल काढलीय म्हणतात, ती शेवाळाची, म्हणजे भाजीतच धरायची ना? मी म्हटलं, कॅप्सूल काढलीय खरी, पण आधी डॉक्टरांना विचारा. काकूंनी मोबाइलवर शोधायला सुरुवातसुद्धा केली होती.

‘आणि हा उरलेला अर्धा डबा?’ शोधता शोधता त्यांनी विचारलं. ‘दीड हजार मोजलेत हो.’

‘कुंडीत घाला,’ मावशी म्हणाल्या. ‘माशाचं खत झाडांना उत्तम.’

काकूंच्या गॅलरीत कुंडी एकच आहे. तुळशीची.